पुस्तकं कोणती घ्यायची ते नंतर पाहू, आधी लाल पेन बाजूला ठेवा

सर, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहा ठेवताना परत आठवली, म्हणून लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या. तुमची धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली द्विशिक्षकी शाळा, तिसरीत १९ पोरं. धडा घडाघडा वाचतात, पण गोष्टीचं पुस्तक दिलं की चित्रं बघून मिटून ठेवतात. लिहा म्हटलं की "सर, काय लिहू?" वर कोणीतरी येऊन "आधी यांची अहिराणी बंद करा" म्हणून गेलंय, म्हणजे पोरांची घरची खानदेशी बोली. आणि तुम्ही विचारलंय की अनुदानातून पुस्तकं कोणती घेऊ.

पुस्तकांचं शेवटी सांगते. तुमच्या पोस्टमधलं ते अहिराणीचं वाक्य वाचलं आणि माझं २०१६ साल डोळ्यांपुढे आलं.

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत आहे, नोकरीला २३ वर्षं झाली. अक्षरओळख, जोडाक्षरं यावर काही सांगत नाही, ते तुम्हाला येतंच. फक्त एक चूक सांगते, कारण तुम्ही अगदी तिच्या दारात उभे आहात असं वाटतंय.

त्या वर्षी तिसरीत २४ पोरं होती. सगळी अहिराणीच बोलणारी. घरी मी स्वतः अहिराणीतच भांडते, पण शाळेच्या फाटकातून आत आलं की माझी प्रमाण मराठी सुरू. का, ते कधी विचारलंच नाही स्वतःला. जूनमध्ये सहज एक सुरू केलं. परिपाठ झाला की एक पोर उठून काल घरी काय झालं ते सांगणार, आणि मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिणार. जसंच्या तसं म्हणजे "मना भाऊ झाडवरथून पडना" तर तसंच. फळ्यावर आपल्या तोंडचं वाक्य बघून पोरं इतकी हसली की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. मग हळूहळू ती कागदावर स्वतः लिहायला लागली. मी वर्गात सुतळी बांधली, कपड्यांचे चिमटे लावले आणि कागद टांगले.

ही कल्पना काही माझी नाही. आमच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढायचे. लहानपणापासून ऐकत आलेय. वर्षातून एकदा सजवलेलं हस्तलिखित काढण्यापेक्षा रोज एक साधा कागद बरा, एवढंच मी त्यातून उचललं.

दिवाळीपर्यंत अशी गत झाली की मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन पोरं सुतळीखाली गर्दी करायची. कोणाची शेळी हरवली, कोणाच्या आजीने कोणाला हाणलं, कानबाईच्या रोटाला (आमचा श्रावणातला सण) कोणाच्या घरी भांडण झालं, सगळं तिथे. जी पोरं पुस्तकातली एक ओळ वाचताना तीनदा अडायची, ती दुसऱ्याच्या घरची भानगड वाचताना अडत नव्हती. मी तेव्हा हे वाचन म्हणून मोजलंच नाही. वाचन म्हणजे पुस्तकाचं, असंच डोक्यात.

मग भेट आली. कोणत्या कार्यालयाकडून ते लिहीत नाही, लिहून काही होणारही नाही. साहेबांनी सुतळीवरचे दोन कागद वाचले आणि विचारलं, "हे तुम्ही तपासलेलं नाही?" मी म्हटलं, मुलांचं मुक्त लेखन आहे. म्हणाले, "ही काय भाषा आहे का?" आणि शेरेबुकात लिहून गेले की लेखन अशुद्ध आहे, बोलीचा वापर टाळावा.

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे. २०११ च्या जनगणनेत 'खानदेशी' ही वेगळी भाषा म्हणून मोजली आहे, साडेअठरा लाखांवर लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली, आणि त्यातले बहुतेक अहिराणीवाले. पण खरं सांगू, तेव्हा हे माहीत असतं तरी मी बोलले नसते. माझी वरिष्ठ वेतनश्रेणीची, म्हणजे पगारवाढीची, फाईल त्याच कार्यालयात पडून होती. आता कळलं ना?

तर मी काय केलं ऐका. तालुक्याची हस्तलिखित स्पर्धा जवळ आली होती. तीन रात्री बसून मी २४ पोरांचं लिखाण 'सुधारलं'. मग ज्यांचं अक्षर चांगलं अशा पाच पोरांकडून सगळ्यांचं उतरवून घेतलं. कडेने वेलबुट्टी, मुखपृष्ठावर मोर.

एक पोरगी होती, नाव सांगत नाही. वेचणीला आलेला कापूस पावसात सापडला, त्या दिवसाचं तिने लिहिलं होतं: "आमना कापूस वला व्हई गया. मना बाप काहीच बोलना नही. मायनी माले जवळ लिधं." एवढंच, तीन ओळी. मी केलं: "अवकाळी पावसामुळे आमच्या कापसाचे नुकसान झाले. माझे वडील चिंताग्रस्त झाले. आईने आम्हाला धीर दिला."

आता टाईप करतानाही लाज वाटते. बाप काहीच बोलला नाही, हे त्या पोरीने बघितलं होतं. चिंताग्रस्त हा शब्द मी वर्तमानपत्रात बघितला होता.

हस्तलिखिताला तालुक्यात दुसरा नंबर आला. वर्गात आणून दाखवलं, पोरं आपापलं पान शोधायला लागली. त्या पोरीने आपल्या नावाखालचं पान वाचलं, चिं-ता-ग्र-स्त असं अडत अडत, आणि मला विचारलं, "मॅडम, हाऊ कोना बाप शे?" म्हणजे हा कोणाचा बाप आहे? भोळेपणाने विचारलं हो, टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं की कागद बदलले गेले.

जानेवारीपासून वर्गात "मॅडम, काय लिहू?" सुरू झालं. तुमच्याकडे आहे तेच. सुतळीवर कागद होते, शुद्ध होते, पण खाली कोणी थांबत नव्हतं. सगळ्यांचे वडील कष्टाळू, सगळ्यांची आई प्रेमळ, सगळ्यांना मोर आवडतो. दुसऱ्याचं वाचून काय करणार, आपल्याच कागदावर तेच आहे! त्या वर्षी सुट्टीत वाचायला दिलेली पुस्तकंही जशीच्या तशी परत आली. ती पोरगी पुढे पाचवीला दुसऱ्या गावच्या शाळेत गेली, तोवर तिने माझ्याकडे परत कधी स्वतःचं काही लिहिलं नाही. आणि फाईल? दीड वर्षाने सुटली. त्या शेऱ्याचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता, एक जोडपत्र राहिलं होतं म्हणून अडली होती. शेरेबुकातलं ते पान माझ्याशिवाय कोणी उघडून बघितलं असेल असं मला वाटत नाही.

थोडं चिडून लिहिते. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं. स्वतःला लिहिता-वाचता न येणारी बाई, तिच्या ओव्या घरच्यांनी ऐकून लिहून घेतल्या, १९५२ साली पुस्तक निघालं. लिहून घेणाऱ्याने त्या माझ्यासारख्या 'सुधारल्या' असत्या तर? (बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, आमची अहिराणी, दोन्ही एक नाहीत हे मला माहीत आहे. त्यावरून खाली कोणी वाद घालू नका.) विद्यापीठाला नाव द्यायला बोली चालते, तिसरीच्या पोरीने लिहिली की लाल शेरा. आणि १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, पोरांच्या हातात पुस्तकं देऊन फोटो, फोटो ग्रुपवर, १६ तारखेला कपाटाला कुलूप. असो.

आता मी काय करते ते सांगते. ही माझ्या वर्गापुरती पद्धत आहे, कोणत्या प्रशिक्षणातली नाही, तेव्हा जबाबदारी तुमची. पोरांची एक वही अशी आहे की तिला माझं लाल पेन लागत नाही. खाली पेन्सिलने मी एकच प्रश्न लिहिते, खराखुरा, मला उत्तर हवं असलेला: "मग शेळी सापडनी का?" दुसऱ्या दिवशी पोरगं उत्तर लिहितं, कधी अर्धं पान. प्रमाण मराठी मी वेगळ्या तासाला शिकवते, सोडत नाही. फळ्याचे दोन भाग करते, एकीकडे घरात कसं म्हणतो, दुसरीकडे पुस्तकात कसं म्हणतात. "मना बाप वावरमा गया", "माझे वडील शेतात गेले". पोरांना हा खेळ वाटतो आणि चौथीपर्यंत बहुतेक जण कुठे काय लिहायचं ते आपणच ओळखतात. सगळे नाही. दरवर्षी दोन-तीन राहतात, त्यांना वेळ लागतो.

विषय देताना माझा आवडता प्राणी वगैरे देऊ नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोका कोणी बांधला, भरीत करताना वांगी कोणी भाजली, असं विचारा. तुमच्याकडची काही पोरं दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जात असतील, तर त्यांच्याबरोबर एक कोरी वही द्या. अभ्यास म्हणून नको, नुसती द्या. माझ्याकडच्या एकाने तिकडून गाडीच्या बैलांची नावं लिहून आणली होती, चार पानं.

एक अट मात्र आहे. हे सगळं अहिराणीबद्दल, जी मराठीला बरीच जवळ आहे. तुमच्या वर्गात भिल्ली, पावरी किंवा मावची बोलणारी पोरं असतील तर अंतर फार मोठं आहे आणि माझी फळ्याची युक्ती तिथे पुरणार नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव, अक्कलकुवा भागातल्या शिक्षकांना विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त सांगतील.

परत कोणी बोली बंद करा म्हणालं तर २०२० च्या शैक्षणिक धोरणातलं वाक्य छापून टेबलावर ठेवा. जिथे शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा शिकवण्याचं माध्यम असावी, असं त्यात आहे. 'जिथे शक्य असेल तिथे' हे शब्द आहेत म्हणून त्यावर फार भांडता येत नाही, पण समोरचा जरा थांबतो. मी तेव्हा थांबवलं नाही, म्हणून सांगते.

पुस्तकांचं. जाड बोधकथा घेऊ नका, पोरांना शेवट आधीच कळतो. एका पानावर दोन ओळी आणि मोठं चित्र अशी पातळ पुस्तकं जास्त घ्या, तिसरीला लहान वाटतील तरी घ्या. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, दोन-दोन पानं छापून तीही सुतळीवर टांगता येतात. शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला ग्रंथालय म्हटलंय, गोष्टीच्या पुस्तकांसकट, त्यामुळे कपाटाची चावी मागायला संकोच करू नका. पुस्तक फाटलं तर पोरांकडूनच चिकटपट्टी लावून घ्या, आणि साठा नोंदवहीतून खराब पुस्तकं कमी कशी करायची ते मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवा, मार्चमध्ये नको.

आणि सुतळी खाली बांधा, पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर. मी पहिल्या महिन्यात माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी बांधली होती.