सावली टिपायची तर आधी घरातच बघ

नवा कॅमेरा घ्यायची घाई करू नकोस. आधी आठ दिवस नुसती सावली बघ. सकाळी खिडकीच्या गजांची सावली फरशीवर कुठे पडते आणि तासाभरात किती सरकते, ते बघ. आमच्या स्वयंपाकघरात साडेआठला स्टीलच्या डब्यांवरून उजेड उलटून भिंतीवर थरथरतो. तो दिसायला मला कित्येक वर्षं लागली!

सावलीची कड नीट बघ. दोरीवरच्या चिमट्याची सावली भिंतीला लागून असेल तर रेखीव येते, पण भिंत चिमट्यापासून मीटरभर दूर असेल तर कड जवळजवळ सेंटीमीटरभर पसरते. सूर्य ठिपका नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, म्हणून असं होतं. झाडाखाली उन्हाचे गोल कवडसे पडतात, तीही सूर्याचीच चित्रं. खंडग्रास ग्रहणात ते चंद्रकोरीसारखे होतात.

मोबाइलवर काढताना उजेडाच्या भागावर बोट टेकव आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढ. एचडीआर (उजेड-अंधार दोन्ही सारखे दिसावेत म्हणून कॅमेऱ्यात असलेली सोय) बंद कर, तो सावली उजळवून सगळी मजा घालवतो. सावली काळीच राहू दे.

वेळ म्हणशील तर सकाळ किंवा उतरती दुपार. मे महिन्यात भर दुपारी सावली पायाखाली गोळा होते. पुण्यात 13 मेच्या आसपास साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली दिसेनाशीच होते. तो फोटो मात्र एकदा जरूर काढ. डिसेंबरात त्याच वेळी तीच सावली खांबाच्या उंचीच्या जवळपास भरते.