कूलर लावला की मॉनिटर लुकलुकतो आणि मग दर दहा सेकंदांनी माउस अडकतो. लिनक्समध्ये हॉटप्लग डिटेक्शन (मॉनिटर लावला-काढला ते ओळखणं) बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात घरी इंटेलच्या ग्राफिक्सवाला पीसी आहे, मॉनिटर एचडीएमआयवर आहे. कूलर सुरू केला की स्क्रीन दोन-तीनदा काळी होते, मग मिनिट-दोन मिनिटं माउस मधूनच अडकतो आणि नंतर आपोआप सगळं सुरळीत. कोणीतरी 'पोल बंद करा', म्हणजे मॉनिटर आहे का हे ठराविक वेळाने तपासणंच बंद करा, असं सांगितलं.

नका करू भाऊ. म्हणजे अजून तरी नका करू.

एचडीएमआयच्या १८ नंबरच्या पिनवरून पीसी मॉनिटरला ५ व्होल्ट देतो. मॉनिटर तेच व्होल्टेज रेझिस्टरमधून १९ नंबरच्या पिनवर परत पाठवतो, 'मी आहे' एवढंच सांगायला. हीच हॉटप्लगची तार. हिच्यावर व्होल्टेज पडलं किंवा चढलं की ग्राफिक्स चिप इंटरप्ट देते, म्हणजे 'इकडे बघ' अशी हाक मारते, आणि ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्रॅम) मॉनिटरची माहिती, म्हणजे ईडीआयडी, नव्याने वाचतो. तारेला अक्कल नसते. केबल निघाली काय आणि शेजारच्या मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी उडाली काय, तिला दोन्ही सारखंच.

असे खोटे इंटरप्ट धडाधड येऊ लागले की इंटेलचा ड्रायव्हर, म्हणजे आय९१५, स्वतःच सावध होतो. तो पल्सची, म्हणजे तारेवरच्या झटक्यांची, मोजणी ठेवतो: लांब पल्सला १०, छोट्या पल्सला १. एका सेकंदात बेरीज ५० च्या वर गेली की तो याला 'स्टॉर्म' म्हणतो, त्या पिनचा इंटरप्ट बंद करतो आणि पोलिंगवर जातो. पोलिंग म्हणजे दर १० सेकंदांनी मॉनिटरला 'आहेस का रे?' विचारणं. ते विचारणं डीडीसीच्या, म्हणजे केबलमधल्या मॉनिटरची माहिती आणणाऱ्या, संथ तारांवरून होतं, तुमचा माउस बहुधा तिथेच अडकतो. २ मिनिटांनी ड्रायव्हर इंटरप्ट परत चालू करून बघतो. तुमचं 'आपोआप सुरळीत' होतं ते हे.

आता 'पोल बंद करा'चा अर्थ बघा. डीआरएम-केएमएस-हेल्पर या लिनक्सच्या डिस्प्लेच्या मॉड्यूलचा पोल पॅरामीटर 'एन' (नाही) केला की माउस अडकणार नाही, खरं आहे. पण स्टॉर्म आला की इंटरप्टही बंद आणि पोलिंगही बंद. त्या दोन मिनिटांत तुम्ही केबल काढली किंवा दुसरा मॉनिटर लावला तर पीसीला पत्ताच लागणार नाही. ताप उतरवायला थर्मामीटर फोडल्यासारखं आहे ते.

आधी खात्री करा. कूलर लावल्यावर लगेच डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग, बघा. 'एचपीडी इंटरप्ट स्टॉर्म डिटेक्टेड' (एचपीडी म्हणजे हॉटप्लग डिटेक्ट) आणि पुढे पोलिंगवर गेल्याची ओळ दिसली तर निदान पक्कं. ओळ नसेल तर माझं वरचं सगळं तुमच्यासाठी नाही, तेव्हा केबल आणि मॉनिटर बदलून बघा.

मी स्वतः या भानगडीत चार दिवस घालवलेत. एका अभ्यासिकेत पीसी लावून दिले होते, नवतपा सुरू होता, कूलरशिवाय मुलं बसणं अशक्य. मी कर्नल बदलतोय, लॉग वाचतोय, आणि एचडीएमआयची पाच मीटरची लांब केबल कूलरच्या वायरीभोवती वेटोळं घालून पडलेली! वर कूलर आणि सीपीयू एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. केबल दीड मीटरची लावली, कूलरला वेगळं सॉकेट दिलं, इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. त्यानंतर लॉगमध्ये एकही स्टॉर्म नाही. ड्रायव्हरची एक ओळही बदलावी लागली नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

हे सगळं करूनही भागलं नाही आणि तुमचा मॉनिटर कधीच हलत नसेल, तर सगळ्यांचं पोलिंग बंद करण्यापेक्षा फक्त त्या कनेक्टरला, म्हणजे एचडीएमआयच्या पोर्टला, 'चालू' असं ठोकून सांगा. सिसएफएसमध्ये (/sys) डीआरएमच्या, म्हणजे डिस्प्लेच्या, फोल्डरखाली त्या कनेक्टरच्या फोल्डरमध्ये स्टेटस नावाची फाइल असते. रूट (अ‍ॅडमिन) होऊन त्यात 'ऑन' लिहा, 'डिटेक्ट' लिहिलं की पूर्ववत. रीबूटनंतरही टिकायला हवं असेल तर बूट ओळीतला (लिनक्स सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांतला) व्हिडिओ पॅरामीटर वापरा: कनेक्टरचं नाव, कोलन आणि 'ई'. असा सक्तीने चालू केलेला कनेक्टर पोलिंग वगळून टाकतं. तोटा एकच, मॉनिटर काढलात तरी पीसी तो आहे असंच समजेल आणि खिडक्या तिकडे जाऊन बसतील.

डीबगएफएसमध्ये, म्हणजे कर्नल तपासायच्या फाइल्सच्या जागेत, स्टॉर्मची मर्यादा बदलायची फाइलही आहे. त्यात शून्य लिहिलं की स्टॉर्म ओळखणंच बंद होतं. ते मात्र ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांसाठी. तुम्ही लिहिलंत तर प्रत्येक ठिणगीला ईडीआयडी वाचलं जाईल आणि आत्ता आहे त्याहून जास्त अडकेल.

डीमेसेजमधली ओळ इथे टाका, मग बघू. आणि कूलरचा पंप नि पंखा वेगवेगळे लावून बघा, कोणता लावला की लुकलुकतं ते कळेल. आमच्याकडे पंखाच होता.