तुझ्या बर्लीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं अर्धं पत्र खुलाशातच गेलं आहे. घरात लटाकियाचे (ती धुरावर वाळवलेली, उग्र वासाची तंबाखू) आणि मुरलेल्या व्हर्जिनियाचे (ती गोडसर पानाची) चांगले डबे पडलेले असताना हात सारखा बर्ली या साध्या तंबाखूच्या पाकिटाकडेच का जातो, आणि पाइपवाले मित्र तिला ‘आजोबांची तंबाखू’ म्हणून कसे हसतात. हसू देत. आजोबा दिवसभर पाइप ओढायचे, आणि दिवसभर तोंडाला नकोशी होणार नाही अशी तंबाखू कोणती, हे त्यांना नक्की ठाऊक होतं. पण या ‘दिवसभर’वर मी तुला थोडं पुढे अडवणार आहे.

आधी ती तुला का आवडते ते बघू. बरंचसं उत्तर पान वाळवण्याच्या रीतीत आहे. व्हर्जिनियाची पानं पिकतील तशी खालून वर खुडतात आणि बंद कोठीत उष्णतेवर काही दिवसांत वाळवतात. उष्णतेने पान लवकर मरतं आणि त्यातली साखर तशीच शिल्लक राहते. बर्लीचं मात्र अख्खं झाड बुंध्याशी कापतात, काठ्यांवर ओवून उंच, हवेशीर कोठारात उलटं टांगतात आणि वाट बघतात. झाड कापलं तरी पान लगेच मरत नाही. ते बरेच दिवस श्वसन करत राहतं आणि आपल्यातला स्टार्च, आपल्यातली साखर स्वतःच संपवतं. चार ते आठ आठवड्यांनी खाली उतरतं ते तपकिरी, हलकं, साखर जवळपास नसलेलं पान. म्हणून बर्लीच्या धुरात गोडी नसते. असते ती कोरडी, कवचाच्या फळांची आठवण देणारी चव, आणि मागे कोकोचा किंचित कडवटपणा. लटाकिया खोलीभर पसरते आणि आपल्याकडे लक्ष द्यायला लावते. बर्ली तसं काही मागत नाही. तू वाचत असतोस, काम करत असतोस, आणि ती बाजूला चालू असते. तुला आवडलं ते हेच, असा माझा अंदाज आहे.

साखर गेल्यामुळे आणखी एक झालं. हे पान टीपकागदासारखं सच्छिद्र असतं. काकवी, ज्येष्ठमध, कोको, रम, जे लावाल ते पिऊन घेतं. या लावण्याला धंद्यात केसिंग म्हणतात. जुन्या अमेरिकन मिश्रणांची ओळख बरीचशी केसिंगचीच आहे, आणि चांगल्या केसिंगची खूण ही की ते वेगळं कळत नाही. फक्त पानाच्या कडा बोथट होतात. नंतर वरून मारलेला चेरीचा किंवा व्हॅनिलाचा दरवळ ही निराळी गोष्ट. तो मला स्वतःला सोसत नाही, पण तो माझा हेका समज.

हे सगळं घडलं ते एका योगायोगामुळे. 1864 साली ओहायोतल्या ब्राउन काउंटीत जॉर्ज वेब या शेतकऱ्याकडे, नदीपलीकडच्या केंटकीतून आणलेल्या बियाण्याची काही रोपं फिकट, पांढुरकी निघाली. प्रथम ती रोगट वाटली. पुढच्या हंगामात मुद्दाम लावून पाहिली तेव्हा ‘व्हाइट बर्ली’ हा नवा वाण हाती आला. 1907 मध्ये आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीने बर्लीची ‘प्रिन्स अल्बर्ट’ ही पाइपची तंबाखू बाजारात आणली. ‘व्हेल्व्हेट’, ‘ग्रेंजर’, ‘कार्टर हॉल’ ही त्याच कुळातली नावं. अमेरिकेत औषधांच्या दुकानातही ही पाकिटं मिळायची, म्हणून शौकीन लोक त्यांना नाकं मुरडतात. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी वस्तू चांगली असूच शकत नाही, ही समजूत तंबाखूत फार आहे. तिच्या नादी लागू नकोस.

आता अडवतो.

बर्ली चवीला सौम्य आहे. निकोटिनला नाही. साधारणपणे व्हर्जिनियापेक्षा बर्लीत निकोटिन जास्तच असतं. शिवाय साखर कमी असल्यामुळे तिचा धूर अल्कधर्मी होतो, आणि अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून सहज रक्तात उतरतं. त्यासाठी धूर छातीत घ्यावा लागत नाही. रिकाम्या पोटी मोठा पाइप संपवल्यावर उचक्या लागल्या, घाम फुटला, मळमळलं, असं तू लिहिलंस आणि दोष पाइपला दिलास. पाइप निर्दोष आहे. तंबाखूने आपला जोर दाखवला, एवढंच.

आणि म्हणूनच आजोबांचं ‘दिवसभर’ नीट वाचायला हवं. जीभ थकत नाही, चव कंटाळवाणी होत नाही, खोलीतले लोक तक्रार करत नाहीत. म्हणजे थांबायला सांगणारं काहीच उरत नाही. झणझणीत मिश्रण स्वतःच तुला थांबवतं, बर्ली थांबवत नाही. त्यातले किती आजोबा आवडीने ओढत होते आणि किती सुटत नाही म्हणून, हे तंबाखूच्या डब्यावर कुणी छापत नाही. धूर गिळत नाही म्हणून सुटलो, असंही धरू नकोस. ओठ, तोंड, घसा यांचा कर्करोग पाइप ओढणाऱ्यांनाही होतो. बर्लीला नत्रखत भरपूर लागतं, पानात नायट्रेट साठतं, आणि वाळताना तयार होणारी कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स व्हर्जिनियापेक्षा तिच्यात सहसा जास्त असतात. ‘पारंपरिक’, ‘नैसर्गिक’ या शब्दांनी यात काही फरक पडत नाही. तू पाइपला अजून हात लावला नसतास तर मी तुला हे पत्र लिहिलंच नसतं. दुसरा छंद सुचवला असता. आणि सोडायचं मनात आलं तर माझ्या भिडेखातर थांबू नकोस.

ओढणारच असशील तर लहान पाइप घे. रोज नको, आणि ज्या दिवशी काही वाचायचं नाही, करायचं नाही, फक्त चव घ्यायची आहे, अशा दिवशी जेवणानंतर ओढ. हातात दुसरं काम असलं की किती ओढली हे लक्षातच येत नाही. बर्ली झटकन पेटते आणि घाईने ओढली की तापते. साखर कमी असली तरी गरम वाफेने जीभ भाजतेच, त्यामुळे ‘बर्ली चावत नाही’ या ऐकीव गोष्टीवर विसंबू नकोस. बारीक रिबन, म्हणजे फितीसारखी कापलेली तंबाखू, असेल तर जरा घट्ट भर. क्यूब कट, म्हणजे चौकोनी दाणे, मिळाले तर सैल सोड. ते सावकाश आणि थंड जळतात. पाकिटातली तंबाखू बहुधा जास्त ओलसर येते. ती कागदावर पसरून, बोटांत दाबल्यावर गोळा होणार नाही इतकी सुकू दे.

पाइपचं विचारलंस. मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्याचा घे. मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात 1869 पासून ते बनतात. स्वस्त असतात, ओल शोषतात आणि बर्लीशी त्यांचं चांगलं जमतं. दोन घे. एकात केसिंगवाली ओढ, दुसऱ्यात अगदी कोरी, काहीही न लावलेली बर्ली. अदलाबदल करू नकोस, कारण ज्येष्ठमधाचा वास पाइपमध्ये बसला की सहज निघत नाही आणि मग कोऱ्या पानाची चव तुला कधी कळणार नाही. महिनाभराने लिही, तुला पान आवडतं की त्याला लावलेलं केसिंग. मला दुसऱ्याचा संशय आहे.

तुझा,
जुना पाइपवाला