निर्भीड म्हणजे निर्भय नव्हे

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका वाचकाने विचारलंय : "आमच्या तालमीच्या वार्तापत्रावर 'निर्भय' छापू की 'निर्भिड'? अर्थ एकच ना?"

एकच नाही, आणि ही गल्लत ऐकून ऐकून कान किटले. 'धमक्या आल्या तरी तो निर्भीडपणे उभा राहिला,' असं वाहिनीवरचा निवेदक सांगतो. धमकीपुढे उभा राहतो तो निर्भय. पंचगंगेचं पाणी दाराशी आल्यावर वाटतं ते भय. कट्ट्यावर दहाजण काल रात्री टीव्हीवर ऐकलेलं मत जसंच्या तसं बोलत असतात, आपलं मत निराळं असतं आणि ते ओठांपर्यंत येऊन परत जातं, ती भीड.

'भीड' ही 'भीती'तून आली, असं ठामपणे सांगणारे विद्वान भेटतात. त्यांनी आधी ध्वनी तपासावेत. दोन स्वरांमधला संस्कृत 'त' मराठीपर्यंत येताना गळतो : माता-माय, घात-घाव, भ्राता-भाऊ. 'प्रतिशब्द'चा 'पडसाद' झाला खरा, पण तिथे 'त'चा 'ड' व्हायला शेजारी 'र' होता. 'भीति'त तो कुठे आहे? पहिलं अक्षर जुळलं म्हणून नातं लावणं ही व्युत्पत्ती नव्हे.

माझ्या मते मूळ आहे 'भिडणे'. खासबागेत मल्ल भिडतात, खेळात 'भिडू' असतो, तेच हे कुळ. नवरात्रात अंबाबाईच्या महाद्वारात उभे राहा. आपण 'गर्दी' म्हणतो, हिंदी भाविक 'भीड़' म्हणतो. अंगाला अंग भिडतं ती भीड़. गुजरातीत पैशाच्या चणचणीला 'नाणाभीड' म्हणतात, म्हणजे दाटीवरून शब्द अडचणीवर आला. मराठीत तो आणखी आत शिरला. बाहेरची दाटी मनात आली आणि तिचा संकोच झाला. 'संकोच' म्हणजेही मुळात आक्रसणंच! शिवाय भीड 'चेपते'. चेपायला आधी काही दाटलेलं लागतं.

याला तुकोबांचा आधार आहे : 'काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हे तोंड वाजविले ॥' पुढच्याच ओळींत 'सार्थक लाजोन नव्हे हित' येतं. भीड लाजेशेजारी बसली आहे, भयाशेजारी नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' काढलं, तेव्हा शिरोभागी हाच अभंग घेतला. आपल्या शाहू महाराजांनी त्या पत्राला अडीच हजार रुपये दिले होते. बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहतात, बाकीच्यांचा आवाज त्यांत उमटत नाही, हे पहिल्याच अंकात लिहिलं होतं. ज्यांचं म्हणणं छापलंच जात नाही, त्यांची भीड चेपणार कशी?

जर्मनीत जनमताच्या अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ साली नेमकं हेच मांडलं. १९६५च्या निवडणुकीआधी दोन मोठ्या पक्षांचे मतदार महिनोन्‌महिने जवळपास बरोबरीत होते. पण 'कोण जिंकेल?' या प्रश्नाचं उत्तर एकाच बाजूला झुकत गेलं, आणि शेवटच्या काही दिवसांत मतंही तिकडेच वळली. बहुमत कुठे आहे याचा अंदाज माणूस माध्यमांवरून बांधतो. आपण एकटे पडू असं वाटलं की गप्प बसतो. तो गप्प, म्हणून त्याचं मत आणखी विरळ दिसतं, म्हणून त्याच्यासारखा दुसराही गप्प. याला मराठीत 'मौनाचं आवर्त' वगैरे म्हणतात. मी 'भिडेचा भोवरा' म्हणेन. 'मौन' हा परिणाम झाला, कारण 'भीड' आहे.

'निर्' संस्कृत आणि 'भीड' देशी, म्हणून 'निर्भीड' अशुद्ध, असा आक्षेप एका व्याकरणप्रेमींनी माझ्यापुढे घेतला होता. मला तो मुळीच मान्य नाही. शब्द रुळलेला आहे, आणि 'निर्भय'ला न जमणारं काम करतो.

तर तालमीच्या वार्तापत्रावर 'निर्भीड'च छापा. फक्त 'भी' दीर्घ हवी. मराठी अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरा, इकार किंवा उकार दीर्घ असतो. ऱ्हस्व होते ती 'भिडस्त' आणि 'भिडेपोटी'मध्ये. तुमच्या प्रश्नातच ती ऱ्हस्व पडली आहे, छपाईला देण्याआधी दुरुस्त करून घ्या.