ब्रिटनमधील व्हेजिटेरियन सोसायटी, तिचे चिन्ह आणि अंड्याचा प्रश्न

तुमचे प्रश्न तीन आहेत. मँचेस्टरला शिक्षणासाठी गेल्यावर तेथील वेष्टनांवर दिसणारे व्हेजिटेरियन सोसायटीचे चिन्ह आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याइतकेच विश्वासाने घ्यावे का, ही संस्था एखाद्या धर्मपंथाची आहे का, आणि विद्यार्थ्याने तिचे सभासद व्हावे का. घरी अंडेही चालत नाही, असे तुम्ही शेवटी ओघात लिहिले आहे. माझ्या मते सगळ्या उत्तराची किल्ली तेथेच आहे, म्हणून आधी अंड्याबद्दलच लिहितो.

भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार दूध आणि मध शाकाहारात बसतात, अंडे मात्र मांसाहारात मोडते, आणि वेष्टनावर तसे चिन्ह छापणे उत्पादकावर बंधनकारक असते. ब्रिटनमध्ये यांपैकी काहीच तसे नाही. तेथे ‘शाकाहारी’ कशाला म्हणावे याची व्याख्या कायद्यात नाही, आणि चिन्ह छापायचे की नाही हे उत्पादक स्वतः ठरवतो. सोसायटीची स्वतःची व्याख्या स्पष्ट आहे: मांस, मासे, कोळंबी-शिंपल्यांसारखे जलचर आणि कत्तलीतून मिळणारे कोणतेही उपपदार्थ वर्ज्य, दूध, मध आणि अंडी खाणे किंवा न खाणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. चिन्ह देताना सोसायटी पदार्थातील घटक तपासते, मांसाशी संसर्ग होऊ नये म्हणून कारखान्यात कोणती काळजी घेतली जाते हे पाहते, आणि अंडी असतील तर ती मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांचीच असावीत असा आग्रह धरते. म्हणजे चिन्ह खरे आहे, त्यामागे तपासणी आहे, परंतु त्या चिन्हाखाली केक, मेयोनेज किंवा अंड्याच्या पांढऱ्याने बांधलेले कृत्रिम मांसाचे तुकडे बिनदिक्कत येऊ शकतात. बुरशीपासून बनणाऱ्या ‘क्वॉर्न’ या प्रसिद्ध उत्पादनाच्या अनेक प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो, हे नव्याने आलेल्या आपल्याकडच्या मुलांना सहसा ठाऊक नसते.

यावर सोपा उपाय आहे. ब्रिटनमध्ये चौदा ॲलर्जीकारक घटक घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत किंवा अन्य रीतीने उठून दिसतील असे छापावे लागतात आणि त्यांत अंडे, दूध, मासे, कवचधारी जलचर असे सगळे येते. त्यामुळे शाकाहारी चिन्ह पाहिल्यावर यादीतील ठळक शब्दांवरून एकदा नजर फिरवली की अंडे आहे की नाही ते लगेच कळते. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून आधीच बांधून ठेवलेल्या सँडविचसारख्या पदार्थांनाही संपूर्ण यादी लावणे सक्तीचे झाले आहे. वेष्टनावर ‘व्हीगन’, म्हणजे कोणताही प्राणिज घटक नसलेले, असे चिन्ह असेल तर कृतीत अंडे नसतेच. दूधही नसते, पण त्याने तुमचे काही बिघडत नाही. ‘अंश असू शकतो’ ही सूचना मात्र ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते, तिचा अर्थ पदार्थात अंडे घातले आहे असा नाही.

जेथे चिन्ह नसते, तेथे खरी सावधगिरी हवी. पार्मेजान हे इटालियन चीज नियमानेच वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने दूध विरजवून बनवले जाते, त्यामुळे ते सोसायटीच्या व्याख्येनेही शाकाहारी नाही, आणि तयार पेस्टो चटणीत बहुतेक वेळा ते किंवा त्याच जातीचे ग्राना पादानो घातलेले असते. दुकानांतील बऱ्याच चेडर चीजमध्ये आता बिगरप्राणिज रेनेट वापरतात, तरी वेष्टन वाचलेले बरे. गोळ्या, जेली आणि काही गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असते. नाताळच्या पुडिंगमध्ये पारंपरिक कृतीनुसार गाईच्या किंवा मेंढीच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालतात. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. लाल रंगासाठी वापरला जाणारा ई १२० हा घटक किड्यांपासून मिळतो. उत्तर इंग्लंडमध्ये, म्हणजे तुम्ही जाल त्या भागात, मासे आणि बटाट्याच्या काही दुकानांत अजूनही गाईच्या चरबीतच तळण काढतात. बटाटा म्हणजे शाकाहारी, असे तेथे गृहीत धरू नका. तळण कशात काढता, हे सरळ विचारा. असे विचारण्यात तेथे कोणाला काही वावगे वाटत नाही.

आता संस्थेबद्दल. ३० सप्टेंबर १८४७ रोजी केंट परगण्यातील रॅम्सगेट येथे, जलोपचार करणाऱ्या एका रुग्णालयात ती स्थापन झाली. सभेचे अध्यक्ष होते सॅलफर्डचे खासदार जोसेफ ब्रदरटन आणि संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले जेम्स सिम्सन. तुमच्या ‘धर्मपंथ’ या शंकेला थोडा आधार आहे तो येथेच: विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकाने १८०९ मध्ये सॅलफर्ड येथे स्थापन केलेल्या बायबल ख्रिश्चन पंथात मांसत्याग हा आचाराचा भाग होता आणि ब्रदरटन व सिम्सन हे त्याच पंथाचे होते. परंतु संस्था पहिल्यापासून सर्वांसाठी खुली होती. दया, आरोग्य, काटकसर, मद्यपानविरोध अशा निरनिराळ्या वाटांनी माणसे तिच्यात आली, आणि आज तर ती पूर्णपणे धर्मनिरपेक्ष धर्मादाय संस्था आहे. सॅलफर्ड मँचेस्टरला अगदी लागून आहे. तुम्ही ज्या शहरात जात आहात, ते या चळवळीचे माहेरच म्हणावे लागेल. १८८८ मध्ये लंडनची शाखा वेगळी होऊन लंडन व्हेजिटेरियन सोसायटी बनली आणि १९६९ मध्ये दोन्ही पुन्हा एक झाल्या.

या लंडनच्या संस्थेशी गांधीजींचा संबंध होता, हे अनेकांना ऐकून माहीत असते. पण तुमचाच प्रश्न त्यांनाही पडला होता, ही गोष्ट क्वचित सांगितली जाते. आईला दिलेल्या शब्दामुळे मांस न खाणारा हा विद्यार्थी १८८८ मध्ये लंडनला पोचला आणि कित्येक दिवस अर्धपोटी राहिला. पुढे फॅरिंग्डन स्ट्रीटवरील एका शाकाहारी भोजनगृहात त्याला पहिल्यांदा पोटभर जेवण आणि तेथेच विकत मिळणारी, शाकाहाराचे पुरस्कर्ते लेखक हेन्री सॉल्ट यांची पुस्तिका, अशा दोन्ही गोष्टी मिळाल्या. ती वाचल्यावर, केवळ शब्दाखातर नव्हे तर विचाराने आपण शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. तेथेच ते सांगतात की, इंग्लंडमध्ये मांसाच्या तीन व्याख्या प्रचलित होत्या: एकीत फक्त पशुपक्ष्यांचे मांस वर्ज्य होते, दुसरीत मासेही वर्ज्य होते पण अंडी चालत, आणि तिसरीत अंडी व दूध दोन्ही वर्ज्य होते. काही काळ अंडी खाल्ल्यानंतर त्यांनी ठरवले की, ज्या आईला शब्द दिला तिच्या मनात जो अर्थ होता तोच आपल्यावर बंधनकारक आहे. त्यानंतर शाकाहारी भोजनगृहातसुद्धा, कशात अंडे आहे आणि कशात नाही, हे त्यांना विचारत बसावे लागले. तरीही अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांना त्यांनी कमी लेखले नाही. ते त्याच संस्थेच्या कार्यकारिणीत बसले, १८९१ मध्ये तिच्या साप्ताहिकात भारतातील शाकाहाराविषयी लेख लिहिले, आणि राहत्या भागात एक छोटे मंडळही चालवले. माझा मुद्दा हाच आहे. तुमची मर्यादा तुमच्या घरची आहे, सोसायटीची मर्यादा तिने विचारपूर्वक ठरवलेली आहे. दोन्ही प्रामाणिक आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

१९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले असताना गांधीजी पुन्हा या संस्थेसमोर बोलले. केवळ प्रकृतीसाठी शाकाहारी झालेले लोक बहुधा टिकत नाहीत, नैतिक पाया असेल तरच निश्चय टिकतो, आणि इतरांना वळवायचे असेल तर शाकाहाऱ्याने सहिष्णू असले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे शाकाहाराला जातीचा आणि सोवळ्याचा जो चिकटलेला अहंकार असतो, तो मला फार खुपतो. म्हणून, शेजारी काय शिजते याची चौकशी न करता स्वतःच्या निवडीबद्दल बोलणारी ही परंपरा मला मोलाची वाटते.

सोसायटीच्या मर्यादाही आहेत. दूध-अंड्यांच्या व्यवसायात नर वासरांचे आणि नर पिल्लांचे काय होते, हा प्रश्न तिच्या आतूनच उठला होता. दूध न घेणाऱ्या सभासदांना मासिकात स्वतंत्र जागा देण्यास नकार मिळाला, तेव्हा डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हीगन सोसायटी काढली. आज व्हेजिटेरियन सोसायटी स्वतःच व्हीगन पदार्थांनाही वेगळे चिन्ह देते, पण ते पाऊल टाकायला तिला फार वर्षे लागली, हे मान्य करावे लागेल.

सभासदत्वाबद्दल माझे मत असे की, विद्यार्थी म्हणून त्याची गरज नाही. पाककृती आणि घटकांची माहिती त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांना खुली असते, मे महिन्यात होणाऱ्या राष्ट्रीय शाकाहार सप्ताहात कोणालाही भाग घेता येतो. नोकरी लागल्यावर, हे काम चालावे असे वाटले तर जरूर वर्गणी भरा. पुढेमागे आईवडिलांना तिकडे नेण्याचा विचार असेल, तर ‘व्हेजिटेरियन फॉर लाइफ’ या वेगळ्या संस्थेचे नावही लक्षात ठेवा. ती वृद्ध शाकाहारी आणि व्हीगन व्यक्तींसाठी काम करते. वृद्धाश्रमात गेलेल्या माणसाची जन्मभराची निवड, त्याची स्मरणशक्ती गेल्यावरही पाळली जावी, यासाठी ती झटते, आणि या विषयाकडे आपल्या मंडळींनी अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

निघण्यापूर्वी एक काम करा. वसतिगृहाच्या अर्जात ‘शाकाहारी’ या चौकटीत खूण केली की स्वयंपाकघर तुम्हाला सकाळी ऑम्लेट वाढेल आणि त्यात त्यांची काही चूक नसेल. म्हणून त्यांना वेगळा ईमेल पाठवा आणि त्यात, मी मांस, मासे, अंडी आणि जिलेटिन खात नाही, दूध, दही व प्राणिज रेनेट नसलेले चीज खातो, असे पूर्ण वाक्य लिहा. जे उत्तर येईल त्याची प्रत जवळ ठेवा.