दुसरीतल्या मुलांना बेरीज-वजाबाकी मैदानी खेळातून कशी शिकवावी?

खडूने जमिनीवर ० ते २० ची संख्यारेषा आखा. बेरजेला पुढे उड्या, वजाबाकीला मागे पावलं. (मागे उड्या नकोत, मुलं पडतात.) दोन आकड्यांत ३० सेंमी, म्हणजे मोठ्या पट्टीएवढं अंतर ठेवलं की ६ मीटरची रेघ सोसायटीच्या आवारात सहज मावते. हमखास चूक एकच: ७ + ५ करताना मूल पायाखालचा ७ च 'एक' म्हणून मोजतं आणि ११ वर थांबतं. म्हणून आकडे नव्हे, उड्या मोजायच्या. पाय टेकल्यावरच 'एक' म्हणायचं. वजाबाकीतही तोंड २० कडेच. हातच्याच्या बेरजेला मात्र हा खेळ पुरत नाही, तिथे काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठेच बरे. पावसाळ्यात रेघ इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आखा, गाड्या बाहेर गेल्यावर.