कोळ्याचे डोळे धूसर का येतात?

प्रश्न : माझ्याकडे १०० मिमीची मॅक्रो लेन्स (अगदी जवळून टिपणारी) आहे. पानांवर उड्या मारणाऱ्या छोट्या कोळ्यांचे फोटो काढते. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ २.८, शटर १/१०० सेकंद, ऑटोफोकस. शंभरात एखादा फोटो बरा निघतो, त्यातही पाय स्पष्ट आणि डोळे धूसर. लेन्समध्ये दोष असेल का?

उत्तर : लेन्स दुरुस्तीला देऊ नका. पाय स्पष्ट आलेत ना? मग काच चोख आहे, फोकस तेवढा डोळ्यांऐवजी पायांवर बसला.

कोळी सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यात एफ २.८ ला अर्धा मिलिमीटरही खोली स्पष्ट येत नाही. एफचा आकडा वाढला की छिद्र बारीक होतं; एफ ११ ला ही खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाते. पाच मिलिमीटरच्या कोळ्याचा चेहरा टिपायला एवढी खोली बहुतेक वेळा पुरते. मग एफ २२ का नको? मी सुरुवातीचे दोन महिने तेच करत होतो. सगळा कोळी फोकसमध्ये यायचा, पण अंगावरचा एकही केस टोकदार दिसायचा नाही. इतक्या जवळून ॲपर्चर प्रत्यक्षात दोन स्टॉप (एका स्टॉपला प्रकाश निम्मा होतो) बारीक असल्यासारखं वागतं, म्हणजे एफ ११ चं एफ २२ होतं. त्याहून बारीक केलं की विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळंच चित्र मऊ पडतं. एफ ८ ते एफ ११ मध्येच राहा.

ऑटोफोकस बंद करा. लेन्सची फोकस रिंग हव्या त्या अंतरावर लावून ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवा, श्वास सोडा आणि सगळं अंग केसभर पुढे-मागे डोलवा. समोरचे दोन मोठे डोळे लखलखीत झाले की लगेच बटण दाबा, तीन-चार फोटो सलग घ्या. हे अंगवळणी पडायला आठवडे लागतात, पण माझ्या फोटोंत सर्वांत मोठा फरक यानेच पडला.

शटर १/१०० दूरच्या विषयाला चालतं. इथे कोळी जितका मोठा दिसतो, हाताची थरथरही तितकीच मोठी होते. १/२०० ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २०० आणि फ्लॅश. कमी ताकदीवर फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, हालचाल गोठवतो तोच. मात्र त्याच्यासमोर पांढऱ्या, अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचा डिफ्यूझर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) हवाच, तोही कोळ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका. नाहीतर डोळ्यांत नुसता पांढरा ठिपका उरतो.

एक कळकळीची विनंती. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवून मग फोटो काढायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. त्या जिवाचे हाल होतात, आणि आखडलेले पाय फोटोतही कळतात. पहाटे, ऊन चढण्याआधी जा. अंग गारठलेलं असतं तोवर कोळी, चतुर, नाकतोडे सगळेच संथ असतात.